अप्पांच्या हातावरची नीळ

आमच्या अप्पांना गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणता येत नसे. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात त्यांचं फॉल-अस्तराचं दुकान होतं, आत चार बायका उभ्या राहिल्या की पाचवीला रस्त्यावर थांबावं लागे एवढंच. कुणी साडीचा पदर घेऊन यायची, कुणी ब्लाउजचा चिमूटभर तुकडा. अप्पा तो दारातल्या उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि तो रंग दुकानात असो वा नसो, म्हणायचे, ‘‘आहे की.’’ मग बाईला स्टुलावर बसवून मागच्या दारानं निघायचे आणि शेजारपाजारच्या दुकानांतून तो रंग पैदा करूनच परत यायचे. शेजारीही असेच आमच्याकडे धावत यायचे. गल्लीचा रिवाजच तो. ‘नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक पायरी उतरतं आणि पुन्हा चढत नाही, असं अप्पा सांगायचे. मला लहानपणी याचं फार कौतुक वाटे. पुढे कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींना घेऊन त्या गल्लीतून जाताना मी दुकान टाळून वळसा घ्यायला लागले, तेही त्याच सवयीपायी. स्टुलावर बसलेल्या बाईला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक असायचं ना, की अप्पा आत्ता मागच्या बोळातून पळताहेत.

घर दुकानाच्या वरच. खाली कात्री चालायची ती वर ऐकू यायची, अस्तराचं कापड टर्रकन फाडल्याचा आवाज यायचा आणि त्यात आईच्या कुकरच्या शिट्ट्या. सकाळी उप्पिट, दुपारी सार-भात, रविवारी बिसी बेळे भात आणि त्यावर आई तूप वाढायची ते इतका हात आखडून, की अप्पा म्हणायचे, तूप वाढलं की नुसतं दाखवलं. आमचं मराठी म्हणजे निम्मं कानडी. हिशेब कानडीत, भांडण कानडीत, लाड मराठीत. पुरणपोळीला आम्ही ओबट्टूच म्हणत होतो. पुण्या-मुंबईकडचं कुणी पाहुणं आलं की अप्पा एकदम सांभाळून, शब्द निवडून बोलायला लागायचे आणि निवडून निवडून शेवटी गप्पच व्हायचे. आम्ही भावसार. आमचे पूर्वज कापड रंगवणारे, छापणारे. केव्हा कोण जाणे म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. पण रंगाचं काम अप्पांच्या जन्माआधीच संपलं होतं. भट्टी बंद केली त्या दिवशी आजोबांच्या पिढीतल्या माणसांनी आपापले लाकडी ठसे समाजाच्या देवळात नेऊन हिंगलाज देवीपुढे ठेवले आणि सांगितलं, हे आता तुझे, आम्ही परत हात लावायचो नाही. तेव्हापासून ते ठसे देवळातल्या कपाटात असायचे. दसऱ्यात आयुधपूजेला बाहेर काढायचे, हळदकुंकू वाहायचं, पुन्हा आत ठेवायचे. कपाटाची किल्ली वर्षभर एकेका घरी. मी सांगतेय त्या वर्षी ती आमच्याकडे होती, देवघराच्या खुंटीला.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र. त्या वर्षी बंगळुरूच्या एका कंपनीनं आमच्या कॉलेजला क्वांटम तंत्रज्ञानाचा प्रकल्प दिला. यंत्रसामग्री त्यांची, खर्च त्यांचा, काम आम्हा मुलांचं. वर्षाअखेरीस एका विद्यार्थ्याला ते आपल्या प्रयोगशाळेत वर्षभरासाठी घेणार होते. आमच्यासारख्या कॉलेजात हे म्हणजे आभाळच हाताशी आल्यासारखं होतं. आमच्या विभागात एरवी लंबक आणि लोलक सोडून काही नवीन दिसायचं नाही. नागरत्ना मॅडमनी त्यासाठी किती चकरा मारल्या, किती अर्ज केले ते आम्ही बघत होतो. त्यांनी मला आणि लावण्याला निवडलं.

लावण्या टी. नरसीपूरहून रोज बसनं यायची. नाकीडोळी नीटस, कमी बोलणारी, आणि डोक्यानं माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. हे मी आता मोठेपणानं लिहीत नाही, तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आमचं काम असं होतं: प्रकाश इतका मंद करायचा की एका वेळी जेमतेम एखादाच कण जाईल आणि त्या कणांवरून टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गुप्त आकडे पाठवायचे. मधे कुणी चोरून बघितलं, तर त्या बघण्यानंच कण बिघडतात, आकड्यांत चुका वाढतात आणि चोरी उघडी पडते. पुस्तकात फार सुंदर वाटायचं. आमच्या टेबलावर चोर नसतानाही चुका व्हायच्या. महिनोन् महिने मी आरशांचे धारक घट्ट करायचे, लावण्या आकडे बघायची आणि मान हलवायची. शेवटी तिच्याच लक्षात आलं की कण मोजणाऱ्या पेटीच्या फटींतून खोलीतला उजेड आत येतोय. मी दुकानातून काळं अस्तर आणलं, चार पदरी करून पेटीवर घातलं, आणि चुका निम्म्यावर आल्या. अजूनही हव्या तितक्या कमी नव्हत्या, पण त्या दिवशी आम्ही दोघींनी कॅन्टीनमध्ये दोन-दोन मद्दूर वडे खाल्ले. आज त्या सामग्रीकडे पाहून माझे विद्यार्थी हसतील. हसू देत.

काम अर्ध्यावर असताना कंपनीची एक मुलगी आली. ऋतुजा तिचं नाव. पुण्याची, बंगळुरूला नोकरीला, कंपनीच्या जाहिराती आणि फिल्मा तिच्याकडे. बरोबर कॅमेरावाला. तिला आमच्या प्रकल्पावर छोटी फिल्म करायची होती. स्वभावानं चांगली होती, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी तिच्यावर सगळं ढकलतेय. आकड्यांचे तक्ते तिनं दोन मिनिटं पाहिले. मग काळ्या कापडाविषयी विचारलं. लावण्यानं सांगितलं, हे हिच्या अप्पांच्या दुकानातलं. ऋतुजानं माझं आडनाव विचारलं आणि तिचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे तुम्ही मूळचे रंगारी ना? अगं, मग गोष्ट तर तिथे आहे!’’ रंगाऱ्याची मुलगी प्रकाशाच्या कणांशी खेळते, असं तिला जागच्या जागी सुचलं. मी म्हटलं, आमचं आता फॉल-अस्तराचं दुकान आहे. ती म्हणाली, बघू तर.

तिला घेऊन मी दुकानात गेले तेव्हा अप्पा एका बाईला मोरपंखी रंगाचं अस्तर दाखवत होते. ऋतुजानं वाकून नमस्कार केला आणि आमच्या घरात कधी ऐकू न येणाऱ्या स्वच्छ, सुरेख मराठीत बोलायला लागली. तुमचं मराठी किती गोड आहे, किती वर्षांनी असं ऐकलं, असं म्हणाली. अप्पांनी स्टूल पुसलं. आईला वर हाक मारून कॉफी सांगितली. चेहरा असा झाला होता, की परीक्षेला बसलेत आणि पहिला प्रश्नच येत नाहीये. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘काका, तुम्हाला येतं ना अजून ठशाचं काम? घरी ठसे असतीलच.’’

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच बघत होते.

‘‘आहे की,’’ ते म्हणाले.

मला वाटलं, आता मागच्या दारानं पळतील. ते पळाले, पण दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि देवळात. मी उठले तेव्हा खुंटीवर किल्ली नव्हती, आणि माजघरात वर्तमानपत्रावर तीन ठसे मांडलेले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, देवीच्या वस्तू आहेत. अप्पा म्हणाले, संध्याकाळपर्यंत परत ठेवतो, सुम्ने, उगाच काय काळजी करतेस. त्यांनी रात्री फोनवर कुठला तरी व्हिडिओ बघून ठेवला होता, ठसा कसा बुडवायचा, वर मूठ कशी मारायची. खरा रंग कुठून आणणार? पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ घेतली, परातीत कालवली, त्यात थोडी खळ घातली. पुढे पांढरं अस्तर पसरलं, दुकानातलंच.

थोड्या वेळानं ऋतुजा कॅमेरावाल्याला घेऊन आली. तिनं अप्पांना शर्ट काढून धोतर-बंडी घालायला सांगितलं. धोतर घरात नव्हतं, तर आजोबांच्या फोटोमागच्या ट्रंकेतून काढलं, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. अप्पा खाली बसले. ठसा परातीत बुडवला, अस्तरावर टेकवला आणि वर मूठ मारली. निळं पाणी चहूकडे पसरलं. नक्षी कुठली, नुसता डाग. ऋतुजा म्हणाली, कापड नकोच, हात दाखवू. मग कॅमेरा अप्पांच्या हातांवर गेला. मनगटापर्यंत नीळ. ते हात तिला फार आवडले. पाच पिढ्या, असं म्हणा ना काका, असं ती म्हणाली, आणि अप्पा म्हणाले, ‘‘पाच पिढ्या झाल्या, आमचे हात रंगातच आहेत.’’ वाक्य तिचं होतं, पण अप्पांनी ते इतकं मनापासून म्हटलं की कॅमेरावाल्यानं मान डोलावली. मी भिंतीला टेकून उभी होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या सकाळी कळलं. मला अप्पांची लाज वाटत होती, लाज वाटतेय म्हणून माझी लाज वाटत होती, आणि दारातून डोकावणाऱ्या शेजाऱ्यांसमोर मी हसरा चेहरा ठेवला होता.

संध्याकाळी मी ऋतुजाला फोन केला आणि सगळं खरं सांगून टाकलं. आमच्या घरात कुणाला छपाई येत नाही, अप्पांनाही नाही, ती कपड्यांची नीळ होती, ठसे देवळातले. मला वाटलं ती चिडेल, फिल्म रद्द करेल. ती हसली, आणि तेही प्रेमानं. ‘‘अगं, मला कळलं होतं की. असू दे. फिल्म अशीच करतात, कुणाचं काय बिघडतं?’’ मग म्हणाली, काका गोड आहेत, कॅमेऱ्यासमोर छान दिसतात. मी खरं बोलण्याची केवढी तयारी केली होती, आणि ते खरं कुणाला नकोच होतं. चोरी पकडून देणाऱ्याला चोरानं चहा पाजावा तसं मला झालं. फोन ठेवून मी बराच वेळ गच्चीवर बसून राहिले.

फिल्म कॉलेजच्या सभागृहात दाखवली. प्रकाशाची पेटी त्यात क्षणभर दिसते, लावण्याची पाठ दिसते, बाकी सगळे अप्पा. टाळ्या खूप पडल्या. महिन्याभरात निवड कळली, मला घेतलं होतं. आमच्या शेवटच्या अहवालात चुका अजून मर्यादेच्या वरच होत्या आणि त्या का, हे लावण्यानं चार पानांत लिहिलं होतं. ती चार पानं कंपनीत कुणी उघडली असतील असं मला वाटत नाही. मी नागरत्ना मॅडमकडे गेले, म्हटलं, ही जागा लावण्याची आहे. मॅडमनी चष्मा काढला. त्यांनाही ते पटत होतं, हे दिसत होतं. त्या म्हणाल्या की निवड कंपनीची आहे, आपण बोलायला गेलो तर पुढच्या वर्षी यंत्रसामग्री येणार नाही, आणि खालच्या वर्गातली मुलं पुन्हा लंबक मोजत बसतील. हट्ट करू नकोस, असं त्यांनी मला कानडीत, आईनं सांगावं तसं सांगितलं. लावण्याला मीच जाऊन बातमी दिली. ती पेटीवरचं काळं अस्तर घडी करत होती. ‘‘निन्न अप्पा चन्नागि काणतारे,’’ ती म्हणाली. तुझे अप्पा छान दिसतात. टोमणा असता तर मी सहन केला असता. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि आम्ही पुन्हा कधी पूर्वीसारख्या बोललो नाही.

तोवर फिल्म या फोनवरून त्या फोनवर जात समाजात पोचली होती. अप्पांना रविवारी देवळात बोलावणं आलं. भजनानंतर सगळे जमखान्यावर बसले. व्यंकोबाकाका आमच्या समाजातले सगळ्यांत वयस्कर, त्यांनी फोन अप्पांसमोर ठेवला. मला वाटत होतं आरडाओरडा होईल. काका अगदी हळू बोलले. ‘‘देवीला दिलेलं परत काढलंस, सुरेशा. कुणाला विचारलं नाहीस. दंड नको, काही नको. का केलंस ते सांग, अष्टे, तेवढंच.’’

मी बायकांत बसले होते. बायका मघापासून माझं अभिनंदन करत होत्या, बंगळुरूला जाणार म्हणून कुणी माझ्या हातात खडीसाखर ठेवली होती. मला ठाऊक होतं अप्पा काय सांगणार. पोरीसाठी केलं म्हणणार, आणि सगळे माझ्याकडे बघणार. त्या नजरांसाठी मी मान खाली घालून तयार होते. एक कबूल करायला हवं, त्या लाजेत मला थोडं सुखही होतं. माझ्यासाठी माझा बाप देवीसमोर खोटा पडला, याचं सुख.

अप्पांनी समोरचा फोन पालथा घातला. मग म्हणाले, ‘‘पुण्याची पोरगी होती, काका. आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होती. तिनं विचारलं, तुमचं काम तुम्हाला येतं का. येत नाही म्हणायची लाज वाटली.’’

माझ्याकडे कुणीही पाहिलं नाही. पुरुषांच्या बाजूला पन्नाशी-साठीचे किती तरी जण होते, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणाची शिलाई मशिनची एजन्सी. सगळे जमखान्याकडे बघत होते. व्यंकोबाकाकांनी फोन उचलून खिशात ठेवला आणि म्हणाले, येत तर मलाही नाही रे. मग त्यांनी ठरवलं की किल्ली पुढच्या घरी जाईल, आणि ठशांच्या फटींत गेलेली नीळ अप्पांनीच काढायची, देवळात बसून, पूर्ण निघेपर्यंत. अप्पांनी देवीसमोर डोकं टेकवलं. मी हातातली खडीसाखर तोंडात टाकली नाही, टाकूनही दिली नाही. ती तळहातावर विरघळत राहिली.

मी बंगळुरूला गेले. हे लिहिताना आजही पेन अडतं, पण गेले हे खरं आहे. अप्पा दर रविवारी देवळात बसून चिंचेच्या पाण्यानं आणि जुन्या दातांच्या ब्रशनं ठसे घासत. जुनं लाकूड, नीळ आत भिनली होती. फोनवर ते त्याबद्दल बोलत, आणि आवाज शिक्षा भोगणाऱ्या माणसाचा नसायचा. एका ठशात केवढी बारीक नक्षी आहे ते सांगायचे. कुठली बाजू वर, पुढचा ठसा मागच्याला कुठे जोडायचा, ते नुसत्या बोटांनी चाचपून कळतं, म्हणायचे. मी हूं हूं करायचे. माझ्या डोक्यात दुसरंच असायचं. कंपनीच्या दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीवर अप्पा होते. पुरुषभर उंचीचा फोटो, धोतर-बंडी, निळे हात, आणि ठसा कॅमेऱ्याकडे तोंड करून धरलेला. खाली कंपनीचं नाव. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहायचे. मी गाड्या लावायच्या जागेतून मागच्या जिन्यानं वर जायचे. अप्पांना त्या फोटोबद्दल मी कधी सांगितलं नाही.

एकदा ते न कळवताच आले, आईनं केलेल्या चिरोट्यांचा डबा घेऊन. रखवालदारानं वर फोन केला. मी धावत खाली आले तोवर रखवालदारानं त्यांना ओळखलं होतं आणि कौतुकानं भिंतीपुढे नेऊन उभं केलं होतं. अप्पा इस्त्रीच्या शर्टात, हातात डबा, मान वर करून स्वतःकडे बघत होते. मला वाटलं, ते खूश होतील, सगळ्यांना सांगतील, हा मी. त्याचीच मला भीती वाटत होती. मी जवळ गेले तरी त्यांची नजर हलली नाही.

‘‘ठसा उलटा धरलाय गं, पुट्टी,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘वेल खाली चाललीय.’’

मी पाहिलं. इतके महिने मी त्या फोटोकडे बघायचं टाळलं होतं, आणि बघितलं असतं तरी मला दिसलं नसतं. मी म्हटलं, ‘‘इथं कुणाला कळणार नाही, अप्पा.’’

‘‘तेच की,’’ अप्पा म्हणाले.

त्यांनी डबा माझ्याकडे दिला. मी त्यांचा आत येण्याचा पास आणायला गेले. परत आले तेव्हा ते भिंतीकडे पाठ करून उभे होते, दोन्ही हात पँटच्या खिशात खोल घालून.